सात रस्त्यावरून सेटलमेंटला

सोलापूरच्या सात रस्ता चौकात उभं राहून रस्ते मोजायच्या फंदात पडू नये. एखादा बोळ रस्ता म्हणून धरायचा की नाही यावर गाडं अडतं, आणि मागून रिक्षावाला ओरडतो ते वेगळंच. त्यापेक्षा टपरीवर चहा घ्यावा आणि कान उघडे ठेवावेत. मी थांबलो तेव्हा टपरीवाला दूधवाल्याशी कानडीत हिशेब करत होता. दोन बायका तेलुगूत बोलत रस्ता ओलांडत होत्या. रिक्षातली पोरं दख्खनीत एकमेकांची टर उडवत होती. कॉलेजातला एक मुलगा फोनवर कुणाला तरी विचारत होता, ‘‘काय करलालास बे?’’ ही मराठी, म्हणजे सोलापुरी मराठी. क्रियापद असं वाकवायची तऱ्हा उत्तर कर्नाटकातल्या कानडीच्या वळणाची वाटते आणि सोलापूरकराला त्यात वावगं काही वाटत नाही. वाटायचं कारणही नाही.

चार भाषांचं शहर म्हणून सोलापूरचं कौतुक आता सत्काराच्या भाषणांतही होतं. मला मात्र ज्या बोली ऐकायच्या होत्या, त्या या चारांत बसत नव्हत्या. त्यांच्यासाठी रिक्षावाल्याला एकच शब्द सांगावा लागतो, ‘सेटलमेंट’. शब्द इंग्रजी, पण सोलापुरात तो कधीच सोलापुरी होऊन गेलाय. तिथं आधी कोण राहत होतं, त्यांना तिथं कुणी ठेवलं हे रिक्षावाल्याला ठाऊक असेलच असं नाही.

ही ओढ मला लागली ती फार लांबच्या वाचनातून. बाल्टिक समुद्राच्या पूर्व आणि आग्नेय काठाला हजारेक वर्षांपूर्वी ज्या जमाती राहत होत्या, त्यांना भाषाशास्त्रज्ञ ‘बाल्ट’ म्हणतात. प्रशियन, सुदोवियन, गालिंदियन, कुरोनियन, सेमिगालियन, सेलोनियन, लातगालियन आणि आजच्या लिथुआनियातले झेमाइती, औकश्ताइती. प्रत्येकीचं आपलं खोरं, आपलं रान, आपली बोली. रोमन इतिहासकार टॅसिटस यानं इ.स. 98 च्या सुमारास या किनाऱ्यावर अंबर गोळा करणाऱ्या लोकांबद्दल लिहिलं, ते बहुधा हेच. दुसऱ्या शतकात टॉलेमीनं गालिंदियन आणि सुदोवियन यांची नावं नोंदवली. आज या सगळ्या पसाऱ्यातून दोनच भाषा जिवंत आहेत, लिथुआनियन आणि लातव्हियन.

मराठी वाचकाला लिथुआनियन भाषेचं अप्रूप वाटतं ते संस्कृतमुळे. अग्नीला ‘उग्निस’, धुराला ‘दूमास’, मुलाला ‘सूनुस’, मेंढीला ‘आविस’. संस्कृतातले अग्नि, धूम, सूनु, अवि शेजारी ठेवले की घराणं एक आहे हे सांगायला पंडित लागत नाही. सुनीतिकुमार चटर्जींनी बाल्ट आणि आर्य यांच्या नात्यावर 1968 मध्ये इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलं. त्याच्याही आधी, 1929 मध्ये, अंतानास पोश्का नावाचा एक लिथुआनियन तरुण मोटारसायकलवरून भारताकडे निघाला आणि पुढे मुंबईत येऊन शिकला. तिकडच्या लोकांना इकडची ओढ अशी होती.

पण मला चटका लावून गेली ती प्रशियनांची गोष्ट. 1230 पासून ट्युटॉनिक ऑर्डरच्या जर्मन सरदारांनी धर्माच्या नावाखाली त्यांच्यावर स्वाऱ्या सुरू केल्या आणि पन्नासेक वर्षांत सगळा मुलूख घेतला. भाषा आणखी चारशे वर्षं तग धरून राहिली, मग अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या प्लेगमध्ये शेवटचे बोलणारेही गेले. त्याच सुमाराला, 1701 मध्ये, तिथल्या जर्मन ड्यूकनं स्वतःला राजा म्हणवून घेतलं, तेही ‘प्रशिया’च्या नावानं. म्हणजे ज्यांना संपवलं त्यांचंच नाव राज्याला. बिस्मार्कचं प्रशिया आपण शाळेत शिकलो. त्या नावाचे मूळ मालक कोण, हे पाठ्यपुस्तकात नव्हतं.

आणखी एक गोष्ट. व्ही. तोपोरोव आणि ओ. त्रुबाचोव या दोन रशियन भाषाशास्त्रज्ञांनी 1962 मध्ये नीपर नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या नद्या-ओढ्यांची नावं तपासली. आज तिथं स्लाव भाषा बोलल्या जातात, पण ओढ्यांची नावं बाल्टिक निघाली. मॉस्कोच्या जवळपास राहणाऱ्या ‘गोल्याद’ लोकांचा उल्लेख जुन्या रशियन बखरीत 1147 सालच्या नोंदीत आहे, ते गालिंदियनांचेच भाऊबंद. माणसं विरून गेली तरी पाण्याला दिलेली नावं राहिली आणि त्यावरून त्यांच्या मुलखाची हद्द काढता आली.

हे वाचल्यावर प्रश्न पडला की जमात, बोली आणि मायभूमी यांचा असा हिशेब आपल्याकडे कुठं मांडून बघता येईल? मला सोलापूर आठवलं. फरक एवढाच की बाल्टांची मायभूमी ठाऊक आहे आणि बहुतेक जमाती नाहीशा झाल्या. इथं जमाती समोर आहेत. मायभूमी कुठली ते त्यांच्या तोंडच्या बोलीवरूनच ओळखायचं.

थेट सेटलमेंटला न जाता आधी विजापूर रस्ता धरला. सोलापूरपासून चाळीसेक किलोमीटरवर, दक्षिण सोलापूर तालुक्यात, हत्तरसंग-कुडल आहे. भीमा आणि सीना इथं एकमेकींना भेटतात. उन्हाळ्यात पाणी आटलेलं असलं तरी दोन नद्यांचं पात्र एकत्र येतानाचा तो पसारा बघण्यासारखा असतो. संगमावर संगमेश्वराचं आणि हरिहरेश्वराचं अशी दोन जुनी मंदिरं आहेत. हरिहरेश्वराकडे शेकडो मुखं कोरलेलं एक शिवलिंग आहे, ते बघायला बरीच गर्दी येते. मी आलो होतो तो संगमेश्वराच्या तुळईवरच्या लेखासाठी. शके 940, म्हणजे इ.स. 1018. कालोल्लेख असलेल्या सगळ्यांत जुन्या मराठी लेखांत याची गणना होते. सोलापूरचे शिलालेख-अभ्यासक आनंद कुंभार यांनी हा लेख लोकांसमोर आणला. लेख वाचणाऱ्याचं भलं चिंतणारा आहे, त्यामुळे मान वर करून तो शोधणाऱ्याला निदान पुण्य तरी लागावं.

आता गंमत बघा. हा मुलूख तेव्हा कल्याणीच्या चालुक्यांचा. दरबाराची भाषा कानडी. आसपासच्या गावांत आजही घरोघरी कानडी. आणि मराठीचा इतका जुना पुरावा मिळतो तो इथं. पुण्यात नाही, पैठणात नाही, भीमेच्या काठी कानडीच्या ओटीत. सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धेश्वर, म्हणजे बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, बसवण्णांच्या काळातले शरण. त्यांची वचनं कानडीत. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज खांद्यावर घेणाऱ्यांत मराठी, कानडी, तेलुगू अशी तिन्ही घरं असतात. भाषेवरून भांडायचं तर सोलापुरात भांडणाला सुरुवात कुठून करायची हेच कळणार नाही.

परतताना पूर्वभागात गेलो. सोलापूरच्या बाहेरच्या माणसाला ‘पूर्वभाग’ म्हणजे नुसती दिशा वाटते. इथं ती वस्ती आहे, अशोक चौक, साखर पेठ, भद्रावती पेठ, आणि ती पद्मशाली विणकरांची. निजामाच्या राज्यातल्या तेलंगणातून ही माणसं विणकामामागे सोलापुरात आली. हातमाग गेला, गिरण्या आल्या. गिरण्या गेल्या, यंत्रमाग राहिले. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर यांच्याच हातची. घरातल्या बायका विड्या वळतात. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, नवरात्राच्या दिवसांत फुलांची बतुकम्मा मांडली जाते. खडखड करणाऱ्या मागांमधून वाट काढताना कानावर तेलुगू पडते, त्यात मराठी शब्द खच्चून भरलेले. ‘आमची तेलुगू हैदराबादला गेलो की हसतात,’ असं एक यंत्रमागवाले काका म्हणाले. तरी त्या भाषेची काळजी करायचं कारण मला दिसलं नाही. तिच्यामागे देवळं आहेत, शाळा आहेत, सिनेमे आहेत आणि पलीकडे दोन अख्खी राज्यं आहेत. तेलुगू इथं परगावी आहे, पण तिला माहेर आहे.

सेटलमेंटमधल्या बोलींना ते नाही.

इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. एखाद्या माणसानं गुन्हा केला की नाही हे न बघता, अमुक जमातीत जन्मला म्हणजे तो गुन्हेगार, असं सरकारला जाहीर करता येऊ लागलं. सुरुवातीला हा कायदा उत्तरेत होता. 1911 च्या दुरुस्तीनं तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि 1924 मध्ये सगळं एकत्र करून पुन्हा पक्का केला गेला. हजेरी, गाव सोडायला पास, पास नसला तर शिक्षा. ज्यांच्यावर जास्त संशय, त्यांना तारेच्या कुंपणात ठेवायचं. मुंबई इलाख्यात ही व्यवस्था ओ. एच. बी. स्टार्ट या आयसीएस अधिकाऱ्यानं विजापूरपासून उभी केली. हेच स्टार्ट पुढे 1928 मध्ये नेमलेल्या दलित वर्ग आणि आदिवासींच्या चौकशी समितीचे अध्यक्ष झाले. त्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते. माणसं एकरंगी नसतात, अधिकारी तर नसतातच.

सोलापूरच का? कारण सोलापुरात गिरण्या होत्या. जुनी गिरणी 1877 मध्ये सुरू झाली, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. गिरण्यांना मजूर हवे होते आणि सरकारला या लोकांना एका जागी बांधून कामाला लावायचं होतं. दोघांची सोय झाली. सोलापूरच्या सेटलमेंटची व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनकडे होती. मिशननं शाळा काढल्या, दवाखाना बघितला, कामाला लावलं. आणि हजेरीही घेतली. ज्यांची वागणूक ‘सुधारली’ असं ठरे, त्यांना तारेबाहेर राहायला जागा मिळे. तिचं नाव फ्री कॉलनी. आजही पत्त्यात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असं लिहिलं जातं. एका पत्त्यात कैद आणि सुटका दोन्ही असलेली दुसरी वस्ती मला महाराष्ट्रात माहीत नाही.

स्वातंत्र्य मिळालं 1947 मध्ये. देशभरात हा कायदा रद्द झाला 31 ऑगस्ट 1952 ला. त्यामुळे ‘विमुक्तां’च्या, म्हणजे या कायद्यातून सुटलेल्या जमातींच्या, वस्त्यांत 15 ऑगस्टबरोबर 31 ऑगस्टही पाळला जातो, आणि आमचं स्वातंत्र्य पाच वर्षं सोळा दिवस उशिरा आलं, असं तिथली माणसं सांगतात. हिशेब अचूक आहे. सोलापूरच्या तारा पंडित नेहरूंच्या हातून तुटल्या, अशीही आठवण इथं सांगितली जाते.

वस्तीत शिरलो तर बघायला खास असं काही नाही. सिमेंटची घरं, मोबाइल रिचार्जचं दुकान, महापुरुषांच्या जयंतीचे फलक, नळाला पाणी यायच्या वेळेची धांदल. सोलापुरात पाणी रोज येत नाही, त्यामुळे ही धांदल शहरभर सारखीच. ज्या कुतूहलानं बाहेरची माणसं इथं येतात, ते वस्तीला ओळखू येतं. ‘‘कुठल्या पेपरातनं आलाव?’’ असं एका तरुणानं विचारलं. पेपरातून नाही म्हटल्यावर त्यानं मला कपाळापासून पायापर्यंत बघितलं आणि आपल्या आजीकडे नेलं.

आजी कैकाडी समाजाच्या. जुन्या पिढीनं काठ्यांच्या, शिंदीच्या टोपल्या आणि कणग्या विणल्या. त्यांच्या हातानं आता विणणं होत नाही, पण काठी कशी चिरायची हे सांगताना बोटं आपोआप हलत होती. मी म्हटलं, ‘‘आजी, तुमच्या बोलीत जरा बोला की.’’ त्या हसल्या, सुनेला काहीतरी म्हणाल्या, सुनेनं त्याच बोलीत उत्तर दिलं. मग नातवानं मराठीत विचारलं, ‘‘आजी, काय म्हणालीस?’’ आजी मला म्हणाल्या, ‘‘शाळंत आम्ही बोललो तर पोरं चिडवायची. चोराची भाषा म्हणायची. मग पोरांना शिकवलंच नाही दादा.’’

आजी-सुनेच्या त्या बोलीतल्या दोन वाक्यांत मला एक शब्दसुद्धा कळला नाही. सूर मात्र ओळखीचा वाटला, आणि तो मराठीचा नव्हता. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात, 1906 मध्ये, कैकाडी बोली तमिळच्या घरात घातली आहे. दक्षिणेतले कोरवा, येरुकला यांची बोली हीच. म्हणजे कृष्णा, तुंगभद्रा, पेन्ना ओलांडून कधीतरी ही माणसं टोपल्या विणत विणत वर आली आणि सोलापूरच्या तारेत अडकली. त्यांच्या हातात सातबारा नव्हता, ताम्रपट नव्हता. कुठून आलो याचा कागद म्हणजे ती बोली.

त्याच खंडात वडारी आहे, तेलुगूची बोली म्हणून. गाडी वडार, जाते वडार, माती वडार. दगड फोडणं, जाती-पाटे घडवणं, माती उपसणं. दख्खनच्या तळ्यांत, विहिरींत, रेल्वेच्या भरावात यांचा घाम आहे. ग्रियर्सन यांच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली बोलींमध्ये, पारधी आहे आणि घिसाड्यांची तारीमुकीही आहे. दोन्हींची कूळकथा गुजरात-राजस्थानकडे जाते. पारधी माणूस सोलापूरच्या माळावर उभा राहून जे बोलतो, ते गुजराती माणसाला मराठी माणसापेक्षा लवकर समजेल. लमाणांची गोरबोली मारवाडाकडे बोट दाखवते. कंजारभाटांची बोलीही उत्तरेची. वस्ती एक, पण तिथल्या बोलींचे धागे तमिळ, तेलुगू, गुजराती, राजस्थानी अशा चार मुलखांत गेलेले. नीपरच्या खोऱ्यात ओढ्यांच्या नावांवरून बाल्टांचा माग लागला. इथं नदी लागत नाही, आजीचं सुनेशी बोलणं पुरतं.

आता ज्या गोष्टीनं मी अस्वस्थ झालो ती सांगतो. या बोली पहिल्यांदा कागदावर कुणी आणल्या? ग्रियर्सन विद्वान होते, त्यांचे उपकार मोठे आहेत. पण त्याच काळात, 1908 मध्ये, मुंबई इलाख्यातल्या एम. केनेडी या पोलीस अधिकाऱ्यानं इथल्या ‘गुन्हेगार वर्गां’वर पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात जमातींच्या चालीरीतींबरोबर त्यांचे खास शब्दही नोंदवले, कशासाठी, तर फौजदाराला कळावं म्हणून. हे शब्द माणसं पकडायला गोळा केलेले. आणि प्रशियन भाषेचंही अगदी असंच झालं. तिचा सगळ्यांत जुना मोठा शब्दसंग्रह म्हणजे एल्बिंगची शब्दावली, 802 शब्दांची, 1400 च्या सुमाराची प्रत. ती जर्मन शब्दापुढे प्रशियन शब्द अशी मांडलेली, राज्य करणाऱ्यांच्या सोयीची. 1545 मध्ये छापलेली ख्रिस्ती धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरावली पाद्र्यांसाठी. प्रशियन माणसानं स्वतःच्या भाषेत स्वतःबद्दल लिहिलेलं काहीच आपल्यापर्यंत आलेलं नाही म्हटलं तरी चालेल.

शेजारच्या लिथुआनियनांचं नशीब वेगळं निघालं. 1547 मध्ये मार्तीनास माझवीदास यानं लिथुआनियनमधलं पहिलं पुस्तक छापलं. पुढे रशियाच्या झारनं 1864 ते 1904 अशी चाळीस वर्षं लॅटिन लिपीतल्या लिथुआनियन पुस्तकांवर बंदी घातली. तेव्हा शेतकऱ्यांनी सरहद्दीपलीकडून पुस्तकं पाठीवर बांधून, गवताच्या गाड्यांत लपवून आणली. पकडले गेलेले कित्येक सैबेरियात गेले. भाषा टिकली ती अशी. त्यांच्या कामाला तिकडे आज मान आहे, त्यांचे पुतळे आहेत.

आपल्या विमुक्तांनीही लिहिलं, आणि काय लिहिलं! लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ 1980 चं, कैकाडी घरातलं. लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ 1987 चं. दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार. याच सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातले किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ 1994 चं. मराठी गद्याला या पुस्तकांनी जे दिलं ते मोजण्यापलीकडचं आहे. पण ही पुस्तकं मराठीत आहेत. कैकाडी किंवा कोल्हाटी बोली त्यांत संवादापुरती डोकावते. लिहिणाऱ्यांना दोष नाही, वाचक मराठीच होता. तरी हिशेब असा निघतो की मराठी श्रीमंत झाली आणि त्या बोली होत्या तिथंच राहिल्या.

सरकारी याद्यांचं तर बोलायलाच नको. महाराष्ट्रात 14 विमुक्त जाती आणि 28 भटक्या जमाती अशी यादी साठीच्या दशकापासून चालत आलीय. कैकाडी त्या 14 मध्ये आहेत, पण विदर्भातल्या जिल्ह्यांत तेच कैकाडी अनुसूचित जातीत येतात. सोलापूरची हद्द ओलांडून विजापूर, कलबुर्गीकडे गेलं की त्यांचेच कोरवा भाऊबंद कर्नाटकात अनुसूचित जाती, आणि आणखी पुढं आंध्र-तेलंगणात येरुकला अनुसूचित जमाती. बंजाऱ्यांचंही तसंच. महाराष्ट्रात विमुक्त, कर्नाटकात अनुसूचित जाती, तेलंगणात अनुसूचित जमाती. मामा एका यादीत, भाचा दुसऱ्या. सीमेलगतच्या घरांत सोयरीक ठरवताना हेही बोललं जातं. भटक्या-विमुक्तांसाठी केंद्रानं 2006 मध्ये राष्ट्रीय आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष बाळकृष्ण रेणके हे सोलापूरचेच. 2008 मध्ये अहवाल आला. पुढे भिकू रामजी इदाते यांचा आयोग झाला. अहवाल आहेत, वाचण्यासारखे आहेत, अंमलबजावणी व्हायची आहे.

भाषांच्या बाबतीत घोळ आणखी आत आहे. 1961 च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांची यादी 1652 पर्यंत गेली होती. 1971 पासून दहा हजारांपेक्षा कमी लोक बोलतात त्या मातृभाषा वेगळ्या दाखवणं बंद झालं. ज्या दाखवतात त्या मोठ्या भाषेच्या पोटात. 2011 च्या तक्त्यात कैकाडी तमिळखाली सापडते, वडारी तेलुगूखाली. आणि लमाणी, बंजारी चक्क हिंदीखाली. सोलापूरच्या तांड्यावरच्या म्हाताऱ्याला तू हिंदी बोलतोस म्हणून सांगून बघा, तो काय उत्तर देईल ते इथं लिहिता येणार नाही.

चांगलं काम झालेलं नाही असं नाही. गणेश देवी यांनी हाती घेतलेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली 2013 मध्ये निघाला. त्यात भटक्या-विमुक्तांच्या बोलींना जागा मिळाली, आणि बऱ्याच बोलींवर ती बोलणाऱ्यांनीच लिहिलं. केनेडी यांच्या पुस्तकानंतर शंभरएक वर्षांनी का होईना, शब्द गोळा करायचा हेतू बदलला. हा खंड सोलापुरातल्या प्रत्येक शाळेत असायला हवा. सेटलमेंटच्या आसपासच्या शाळांत तर आधी.

परतीच्या वाटेवर पंढरपुरात उतरून कैकाडी महाराजांचा मठ बघितला. संत, देव, पुढारी, पौराणिक प्रसंग यांच्या मूर्तींनी भरलेली भुलभुलैयासारखी इमारत. वारकरी रांगा लावून बघतात. ज्या समाजाला कायद्यानं जन्मतः चोर ठरवलं, त्याच समाजाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या महाराजांपुढे तिथं सगळ्या जातींची माणसं वाकतात. विठ्ठलाच्या पंढरपुरात हे घडलं याचं मला फारसं नवल वाटलं नाही. आतल्या पाट्या मराठीत आहेत. एखादी कैकाडीत असती तर बरं झालं असतं.

सोलापूरला जाणार असाल तर शेंगाचटणी आणि चादर घ्याच, पण एक अर्धा दिवस कुडलच्या संगमाला आणि एक पूर्वभागाला द्या. सेटलमेंटला जाल तर बघ्यासारखं जाऊ नका. कुणी ओळखीचं असेल तर त्याच्याबरोबर जा, आणि फोटोआधी विचारा.

ज्यांच्या घरात अजून कैकाडी, वडारी, पारधी, गोरबोली, कंजारभाटी किंवा अशी कुठलीही बोली बोलली जाते, त्यांना मात्र वेगळी विनंती आहे. येत्या जनगणनेत प्रगणक दारात येईल आणि मातृभाषा विचारेल. तुम्ही जे सांगाल तेच त्यानं लिहायचं असतं, असा नियम आहे. मराठी उत्तम येत असली तरी त्या रकान्यात आजीची बोली सांगा. तिचं नाव स्पष्ट उच्चारा, आणि त्यानं नेमकं काय लिहिलं ते एकदा वाचून घ्या.